लग्नाची फुले कोणी निवडावी?

लग्न ठरले म्हणजे घरातील मंडळींचे लक्ष प्रथम दागिन्यांकडे, मग कपड्यांकडे आणि मग जेवणावळीकडे जाते. फुलांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि तोही घाईघाईने. वराचे घर आपल्या परीने फुले सांगते, वधूचे घर आपल्या परीने. मग वेदीसमोर दोघे उभी राहिली म्हणजे एकाच्या कोटावर जांभळे ऑर्किड व दुसरीच्या हाती लाल गुलाब, असा देखावा दिसतो. पाहणारे काही बोलत नाहीत. परंतु जी दोन माणसे त्या दिवशी एक होणार, त्यांच्या फुलांची एकमेकांशी ओळखही झालेली नसते. हा विषय क्षुल्लक आहे, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. पेडणे महालातील एका घरी घडलेला प्रसंग पाहिल्यावर आमचे मत पालटले.

मुलगी पेडण्याची, मुलगा डिचोलीचा, आणि लग्न पुनरुत्थानाच्या सणानंतर तिसऱ्या आठवड्यात. बोलणी करण्यास वराची आत्या आली होती. तिने आपल्या मोबाईलवर एका पुष्पगुच्छाचे चित्र दाखविले. पांढऱ्या लिली, वर ऑर्किड, बाजूला परदेशी पाने; आणि तशीच मोठी सजावट वेदीपासून दारापर्यंत. फुले बेंगळुरूहून यावयाची होती. वधूचा बाप काजूची लहानशी बागायत राखून असलेला गृहस्थ. त्याने आकडा ऐकला व "होय" म्हटले. पाहुण्यांसमोर तो दुसरे काय म्हणणार? पण त्या एका शब्दात त्या वर्षीच्या काजूच्या हंगामाचा बराच भाग गेला, हे त्याच्या चेहऱ्यावर आम्हांस स्पष्ट वाचता आले.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली वधूची आजी, जिला सारे घर शामाय म्हणून हाक मारते, ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाय, तुमच्या डिचोलीला अबोली होत नाही का हो?"

आत्याबाई हसल्या. "होते तर! आमच्या परसात चांगले चार वाफे आहेत."

"मग ती कोणासाठी लावलीत?"

या प्रश्नावर कोणी काही बोलले नाही. परंतु बैठक उठली तेव्हा बेंगळुरूची गोष्ट मागे पडली होती. वधूच्या घरची मोगरी आणि वराच्या घरची अबोली, असा निर्णय झाला. शामायने कोणाचा अपमान केला नाही, कोणास उपदेशही केला नाही. तिने दोन परसांची आठवण करून दिली, एवढेच.

आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. लग्नात फुलांना इतके महत्त्व का, हे पाहावयाचे तर आपल्या गोव्याचाच इतिहास चाळला पाहिजे. १७३६ च्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूम काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लग्नप्रसंगी काय करू नये याची त्यात लांबलचक यादी होती. लग्नातील ओव्या, पानसुपारी देणे-घेणे, आणि फुले पाठविणे व वाटणे या गोष्टींनाही त्यात मनाई होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात या हुकुमाची हकीकत वाचावयास मिळते. फुलासारख्या निरुपद्रवी वस्तूची त्या अधिकाऱ्यांस भीती का वाटावी? कारण त्यांना हे पक्के ठाऊक होते की, एका घरातून दुसऱ्या घरी गेलेले फूल नाते सांगते. आणि नाती धर्मांतराने तुटत नाहीत.

त्या वेळी पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आलेले नव्हते. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास त्यांच्याकडे गेली आणि पेडणे १७८८ साली. या 'नव्या काबिजादी'त लोकांच्या चालीरीतींत पूर्वीसारखा हात घालण्याचे धोरण उरले नव्हते. म्हणून या बाजूच्या गावांत फुलांचा व्यवहार अखंड राहिला. शेजाऱ्याच्या परसातील फूल आपल्या लग्नात, आपल्या परसातील फूल शेजाऱ्याच्या पूजेत, हे येथे कोणास नवल वाटत नाही. डिचोली महालातील शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी बहिणी, अशी लोकांची समजूत आहे. सायबिणीच्या फेस्तास शिरगावहून तेल जाई आणि लईराईच्या जत्रेस म्हापशाहून मोगरीची फुले येत, असे जुनी मंडळी सांगतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याच्यापाशी. पण शेजारधर्म फुलांच्या परडीतून कसा चालतो, हे यावरून दिसते.

आणि ख्रिस्तसभेचे म्हणाल, तर तिचा मूळ कल त्या हुकुमासारखा कधीच नव्हता. हुकूम निघण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे, १५६३ साली, ट्रेंटच्या परिषदेने सांगून ठेवले होते की विवाहविधीच्या ज्या स्तुत्य चाली देशोदेशी रूढ आहेत त्या राखल्या जाव्यात. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या दस्तऐवजाच्या ७७ व्या कलमात हीच इच्छा पुन्हा व्यक्त केली. तेव्हा अबोली माळलेली वधू ख्रिस्तमंदिरात आली तर ती काही नवे करीत नाही.

कोणी म्हणेल की ख्रिस्ती वधूचे फूल पांढरेच असावे, ही आपली परंपरा आहे. तीही फार जुनी नव्हे. १८४० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या लग्नात पांढरा पोशाख व नारिंगाच्या फुलांचा मुकुट घातला आणि तेव्हापासून ती तऱ्हा जगभर पसरली. पांढरा रंग सुंदर आहे, तो खुशाल असावा. परंतु आमच्याकडे वधूसाठी लाल सादो शिवतात, हातांत रंगीत चुडो भरतात. त्या पोशाखाशेजारी अबोलीचा केशरी रंग जसा शोभतो तसे दुसरे काही शोभत नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिली गोष्ट ऋतूची. नाताळनंतरच्या लग्नांना शेवंती उत्तम. थंडीत ती भरघोस येते, टिकाऊ असते आणि पांढऱ्या व पिवळ्या अशा दोन्ही रंगांत मिळते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत सुरंगीचा मोसम. पेडण्याच्या पलीकडे शिरोडा, आसोली या बाजूस पहाटे झाडांवर चढून तिच्या कळ्या उमलण्यापूर्वी काढतात. तिचा वास अपूर्व. परंतु मोसमाचा बराच भाग प्रायश्चित्तकाळात जातो, म्हणून ख्रिस्ती वधूच्या वाट्यास ती क्वचितच येते. सण लवकर आला तर शेवटचा बहर साधता येतो. मात्र तिचा पिवळा पराग पांढऱ्या कपड्यास लागतो, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळा मोगरीचा, पावसाळा जाईचा. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात होणारी जायांची पूजा त्याच दिवसांतली. अनंताचे पांढरे फूल गुच्छास फार चांगले; पण हात लागला की ते पिवळे पडते, म्हणून ते अगदी शेवटी बांधावे. अबोली बहुतेक वर्षभर असते. तिला वास नाही. पण ती वजनाने हलकी, लवकर न कोमेजणारी, आणि कोणत्याही सुवासिक फुलाशी भांडण न करणारी. लग्नघरातही अशी माणसे फार उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट मेळाची. वधूवरांची फुले सारखीच असावीत असा याचा अर्थ नाही. आमच्या मते एक फूल दोघांत समान असले म्हणजे पुरे. वधूच्या हातच्या गुच्छात मोगरी व अबोली असेल, तर वराच्या कोटावर अबोलीची लहानशी जुडी व एक मोगरीची कळी असावी. युरोपात वराच्या कोटावरचे फूल वधूच्या गुच्छातूनच घेण्याची जुनी रीत आहे, आणि ती अर्थपूर्ण आहे. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे अंतरपाट दूर झाला की दोघे एकमेकांस माळा घालतात. त्या दोन्ही माळा एकाच हाताने गुंफलेल्या असल्या तर पाहताक्षणी कळते. वराच्या टायचा किंवा पाद्रीनच्या रुमालाचा रंग अबोलीस जुळवावा. फुलाचा रंग कापडास जुळविणे कठीण, कापडाचा रंग फुलास जुळविणे सोपे.

तिसरी गोष्ट टिकण्याची. वराच्या कोटावरचे फूल डाव्या बाजूस असते, आणि लग्नाच्या दिवशी त्याला शंभर माणसे मिठी मारतात. तेथे नाजूक फूल लावले तर जेवणापूर्वीच त्याचा चुरा होतो. गुलाबाची घट्ट कळी किंवा शेवंती बरी. देठास ओला कापूस गुंडाळून वर पान बांधावे आणि टाचणी मागून घालावी. एक जादा फूल भावाच्या खिशात ठेवावे. लिली घेतलीच तर तिचे पराग आधी खुडून टाकावेत. पांढऱ्या पोशाखावर त्याचा डाग पडला की निघत नाही. वधूचा गुच्छ हलका असावा. तासभर तो हातात धरावयाचा आहे.

वर सांगितलेल्या लग्नात याच बाबतीत एक चूक झाली. उत्साहाच्या भरात मोगरीच्या फाती आदल्या दिवशी दुपारीच गुंफून ठेवल्या. रात्री कळ्या उमलल्या आणि सकाळी त्यांच्या कडा तांबूस पडल्या. वधूच्या आईचे डोळे भरून आले. तेव्हा शेजारच्या हिंदू घरातील दोघी सुना आपल्या परसातील कळ्या घेऊन आल्या, केळीच्या सोपटाचा दोर भिजवला, आणि दीड तासात नव्या फाती तयार केल्या. मोगरीची कळी त्याच दिवशी खुडावी, ओल्या फडक्यात गार जागी ठेवावी व शक्य तितक्या उशिरा गुंफावी, हा धडा आम्हीही त्या दिवशी शिकलो.

ख्रिस्तमंदिरातील सजावटीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मिस्साविधीच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे फुलांची सजावट माफक असावी, आणि ती वेदीच्या पाटावर नव्हे तर वेदीच्या सभोवती असावी. प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांनी सजविण्यास मनाई आहे. त्या काळातील चौथा रविवार, तसेच मोठे सण व उत्सव यांचा अपवाद. आगमनकाळातही संयम पाळावयाचा असतो. तेव्हा तारीख ठरविताना व फुले सांगण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंना एकदा भेटावे. एकाच दिवशी दोन लग्ने असतील तर दोन्ही घरांनी मिळून एकच सजावट करावी. खर्च निम्मा होतो आणि दोन अनोळखी घरांची ओळख होते.

बाहेरून आलेली फुले वाईट, असे आमचे म्हणणे नाही. बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या फुलांवर आज गोव्याचे बाजार पुष्कळसे अवलंबून आहेत, आणि त्या शेतकऱ्यांचेही पोट त्यावर आहे. आता तर मोप येथे, पेडणे महालातच, जानेवारी २०२३ पासून विमानतळ चालू आहे. दूरदेशीचे फूल सकाळी निघून संध्याकाळी आपल्या दारी येऊ शकते. ज्यांस परवडते त्यांनी ते घ्यावे. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या चित्रातील फुलासाठी कर्ज काढण्याला. आणि एका घराने ठरवावे, दुसऱ्याने मुकाट्याने पैसे मोजावे, या रीतीला. परसातील वाफे एकदा मोडले की ते पुन्हा कोणी लावीत नाही. गुंफणारे हात थांबले की दोर वळण्याची कलाही जाते. लग्नातील मागणी हाच त्या वाफ्यांचा व त्या हातांचा आधार आहे. वसईचे आमचे वाचक हे जाणतात. त्यांच्या गावची फुले पहाटे दादरच्या बाजारात जात आणि त्यांवर कितीतरी घरे उभी राहिली.

रानातील फुलांच्या साजापुढे शलमोन राजाचे वैभवही फिके, हे प्रभूने ज्या श्रोत्यांना सांगितले ते गरीब लोक होते. त्या बोलण्यात त्यांना धीर होता. मुलीच्या लग्नाची चिंता करणाऱ्या बापालाही तो धीर आज हवा आहे.

म्हणून शीर्षकातील प्रश्नाचे आमचे उत्तर सरळ आहे. फुले दोन्ही घरांनी एकत्र बसून निवडावीत, आणि बसताना घरातील सर्वांत वडील बाईस बोलवावे. दोन घरांनी मिळून घेतलेला तो पहिलाच निर्णय असतो. फुलांवर ज्यांचे जमले त्यांचे पुढे अधिक कठीण गोष्टींवरही जमण्याचा संभव असतो.

त्या लग्नाच्या दिवशी वधूने मिस्सा संपल्यावर आपला गुच्छ पवित्र मरियेच्या मूर्तीपाशी ठेवला. संध्याकाळी मंडळी पांगल्यावर आम्ही शामायला विचारले, "वराच्या कोटावरचे फूल कुठे आहे?" तिने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकाकडे बोट केले. अबोलीची ती जुडी पानांमध्ये ठेवलेली होती, आणि रंग अजून तसाच होता.