मावशीचे 500 स्टिकर वाया गेले: फुकटच्या टूल्समध्ये मराठी लेबल नीट कसं बनवायचं?

माझी मावशी सांगलीत घरगुती हळद पावडर विकते. गेल्या वर्षी तिच्या पाकिटांसाठी मी फोनवरच लेबल बनवलं, एक रुपयाही न खर्चता. स्क्रीनवर एकदम भारी दिसत होतं. मी तेव्हा घरी, साताऱ्यात होतो, म्हणून छापायला तिथल्याच एका दुकानात दिलं. दुकानदार म्हणाला, "नुसता मजकूर पाठवा, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतो." मी हो म्हटलं आणि प्रूफ बघायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी 500 स्टिकर हातात आले. पत्त्यातल्या 'मिरज रोड'चं 'मरिज रोड' झालेलं, 'शुद्ध'मधलं जोडाक्षर फुटलेलं. मावशी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

असं का होतं? मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो तेव्हा 'मि'मध्ये आधी 'म' असतो, मग वेलांटी. वेलांटी 'म'च्या आधी काढायची, 'द' आणि 'ध' जोडून 'द्ध' करायचा, हे काम सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये यासाठी हार्फबझ नावाची मोफत, ओपन सोर्स लायब्ररी आहे, म्हणून फोनवर मराठी बरोबर दिसतं. डेस्कटॉपवरच्या काही जुन्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये हे जमत नाही, तर काहींत जमतं पण सेटिंग बंद असतं. म्हणजे टूल महाग की स्वस्त हा प्रश्नच नाही. लाखाच्या कॉम्प्युटरवरही 'मरिज' होऊ शकतं.

आता टूल्स. कॅन्व्हाचं फुकट व्हर्जन लेबल, पोस्टर, लग्नाची पत्रिका यांसाठी पुरतं. मुकुटाचं चिन्ह असलेल्या गोष्टी पैसे भरणाऱ्यांसाठी असतात, त्या सोडून द्या. पारदर्शक बॅकग्राउंडची फाईल आणि स्वतःचा फॉन्ट टाकणं, या दोन गोष्टी फुकटात मिळत नाहीत. फॉन्टसाठी मी अँड्रॉइडवर पिक्सेललॅब वापरतो. वाढदिवसाचे बॅनर बनवणाऱ्या पोरांना ते माहीत असेलच. फोटो सुधारायला गुगलचं स्नॅपसीड. लॅपटॉप असेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपच्या फाईलही उघडतं. फोनवर मात्र त्यात हात दुखतो. पाकिटाचा फोटो काढताना मागे पांढरा कार्डशीट धरा आणि खिडकीजवळ उभे राहा, बॅकग्राउंड काढायची निम्मी कटकट तिथेच संपते.

फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरून घ्या. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बालू तिथे मोफत आहेत. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे धंद्यासाठीही बिनधास्त वापरता येतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर '1000 मराठी फॉन्ट' म्हणून फिरणाऱ्या झिप फाईलबद्दल हे सांगता येत नाही. शिवाय त्यात बरेच जुने, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट असतात. त्यात टाईप केलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतो. आणखी एक, अनेक फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपला पाकळीचा 'ल' हवा असेल तर टायरो देवनागरी मराठी बघा. जाड मथळ्याला तो शोभत नाही, पण खालच्या माहितीला छान.

खरी गोची फाईल पाठवताना होते. छपाईला साधारण 300 डीपीआय लागतं. म्हणजे 4 बाय 3 इंचाच्या लेबलसाठी किमान 1200 बाय 900 पिक्सेल. हा साईझ सुरुवातीलाच ठरवा, शेवटी ताणून मोठं करू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून लहान होतो, आणि लेबलवरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर सगळ्यात आधी धुरकट होतो. खाण्याच्या पाकिटावर तो वाचता आला नाही तर लेबल सुंदर असून उपयोग काय? 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. कॅन्व्हात पीडीएफ प्रिंट निवडून 'फ्लॅटन'वर टिक करा. मग मजकुराचं चित्र होतं आणि दुकानातल्या मशीनवर कोणता फॉन्ट आहे याने फरक पडत नाही. मी त्या दिवशी मजकुराऐवजी ही फाईल दिली असती तर पैसे वाचले असते.

लोगो मात्र कॅन्व्हातलं तयार चित्र उचलून करू नका. तेच चित्र उद्या दुसराही कुणी वापरेल आणि पुढे ट्रेडमार्क करायला गेलात तर अडेल. आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी म्हणून कुणीही जीआयचा लोगो छापायचा नसतो. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मावशीची नाही, म्हणून आम्ही तो काढला.

दुसऱ्यांदा छापताना आधी एकच प्रत मागितली. स्क्रीनवरचा झगझगीत पिवळा कागदावर मळकट आला होता, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई शाईने. तो थोडा बदलून पुन्हा एक प्रत काढली. मावशीने चष्मा लावून 'मिरज' वाचलं, 14 च्या 14 आकडे बोट ठेवून मोजले आणि म्हणाली, "आता छाप. पण आधी दोनशेच."