संघांतील नव्या खेळाडूचें स्थान

शाळा सोडून अंबाजोगाई, बीड अथवा छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांत गेलेले आमचे विद्यार्थी सुट्टींत धारूरला आले म्हणजे एकदां तरी शाळेच्या आवारांत डोकावून जातात. त्यांतील जे खेळाडू असतात त्यांच्याशीं बोलतांना एक प्रश्न हटकून निघतो. पहिल्या वर्षीं संघांत नांव लागलें, गणवेश मिळाला, प्रवासही घडला. परंतु सामन्यांत बहुतेक वेळ बाकावरच बसावें लागलें. पुढील वर्षीं तरी आपणांस संघांत कांहीं स्थान आहे काय? मुलगा हा प्रश्न लाजत विचारतो. त्याचे वडील तोच प्रश्न रोखठोक विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यांत आणखी एक प्रश्न दडलेला असतो: नुसतें बसावयाचेंच असेल तर त्यानें खेळावयास जावेंच कशाला? या प्रश्नास घरांत काय उत्तर मिळतें यावर कित्येक मुलांचें खेळणें चालू राहतें किंवा कायमचें बंद पडतें. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हांस वाटलें. उदाहरणादाखल आम्ही बास्केटबॉल हा खेळ घेतों. कारण संघांतील स्थान म्हणजे काय, हें या खेळांत जितकें उघड दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या खेळांत दिसत असेल.

या खेळाचा जन्म आमच्यासारख्याच एका संस्थेंत झाला हें पुष्कळांस ठाऊक नसतें. धर्मशास्त्राचें शिक्षण घेतलेले जेम्स नेस्मिथ हे अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय.एम.सी.ए.च्या विद्यालयांत व्यायामशिक्षक होते. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत, हिवाळ्यामुळें कोंडून पडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं भिंतीच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून खेळ सुरू केला. टोपल्यांस बूड होतें. चेंडू आंत पडला कीं शिडी लावून तो काढावा लागे. एका संघांत पांचच खेळाडू असावेत असें पुढें १८९७ सालीं ठरलें. वाय.एम.सी.ए.च्याच मार्गानें हा खेळ आपल्या देशांत आला. मुंबईस अमेरिकन मराठी मिशननें १९२७ सालीं नागपाडा नेबरहुड हाऊस ही संस्था काढली. त्या नागपाड्याच्या गल्ल्यांतून पुढें बास्केटबॉलचे असे खेळाडू निघाले कीं त्यांतील गुलाम अब्बास मुंतसिर यांस १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. दाटीवाटीच्या वस्तींतील एका मैदानावर पोरें रोज संध्याकाळीं जमत, यापलीकडे तेथें मोठेंसें भांडवल नव्हतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बास्केटबॉलचें मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असतें. कडें जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असतें. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा असतो. संघांत बारा खेळाडू, परंतु एका वेळीं मैदानावर पांचच. म्हणजे चाळीस गुणिले पांच, एकूण दोनशें मिनिटें शिक्षकाच्या हातीं आहेत, आणि तीं बारा जणांत वांटावयाचीं आहेत. आमचें असें मत आहे कीं मुलानें व त्याच्या पालकांनीं हा एवढा हिशेब जरी मनांत ठेवला तरी निम्मी निराशा टळेल.

समजा, पहिले पांच खेळाडू प्रत्येकीं तीस मिनिटें खेळले. दीडशें मिनिटें तेथेंच संपलीं. उरलेल्या पन्नासांपैकीं सहावा व सातवा यांनीं पंधरा-पंधरा घेतलीं, आठवा व नववा यांनीं आठ-आठ. शिल्लक राहिलीं चार मिनिटें, आणि तीं वाट पाहणारे तिघे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बहुधा या तिघांत असतो. शिक्षकाचा त्याच्यावर राग असतो किंवा तो गांवाकडचा म्हणून त्यास मागें ठेवतात, असें समजण्याचें कारण नाहीं. (पक्षपात मुळींच होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; पण जेथें गणितानें उलगडा होतो तेथें आधीं गणित करून पाहावें.)

हेंच गणित पुढील वर्षाचेंही उत्तर देतें. संघांत जागा होते ती मुख्यतः कोणी गेल्यामुळें. तेव्हां पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं यंदा शेवटच्या वर्षाला कोण आहेत? पहिल्या पांचांपैकीं दोघे पदवी घेऊन जाणार असतील तर साठ मिनिटें मोकळीं होतील. परंतु तीं सगळीं नव्या मुलाकडे येत नाहींत. सहावा व सातवा पुढें सरकून तीस-तीस मिनिटांच्या जागा घेतात. त्यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या जागीं आठवा व नववा जातात. आणि त्या दोघांचीं आठ-आठ मिनिटें दहाव्या व अकराव्यास मिळतात. म्हणजे गेल्या वर्षीं मिनिट-दोन मिनिटें खेळलेला आमचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षीं एकदम पहिल्या पांचांत जाऊन बसणार नाहीं; तो आठ मिनिटांचा धनी होईल. तिसऱ्या वर्षीं मात्र त्याची पाळी खरोखर येऊं शकते. मधल्या काळांत एखादा नवा, अधिक तयारीचा मुलगा आला तर हा क्रम मोडतो, हेंही खरें.

जागा कोणती मोकळी झाली यालाही महत्त्व आहे. पांच जणांचीं कामें सारखीं नसतात. दोघे गार्ड असतात. त्यांतील एक चेंडू खालून वर आणतो, कोणास केव्हां द्यावयाचा तें ठरवितो, आणि दुसरा प्रामुख्यानें लांबून नेम साधतो. दोघे फॉरवर्ड बाजूंनीं आंत घुसतात. पांचवा सेंटर, तो बहुधा सर्वांत उंच, आणि कड्याखालची जागा त्याची. जाणारा जर सेंटर असेल आणि आमचा मुलगा साडेपांच फुटांचा गार्ड असेल, तर त्या जाण्यानें त्याचा फारसा लाभ नाहीं. पालक विचारतात, उंचीवांचून या खेळांत चालेल काय? गार्डच्या जागीं चालतें. पुण्याची शिरीन लिमये ही गार्डच्या जागेवरूनच भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. मात्र ज्यास उंची नाहीं त्याच्या हातांतून चेंडू सुटतां कामा नये, ही अट त्यास इतरांपेक्षां कडक लागू होते.

या बाबतींत अमेरिकेंतील एक प्रसिद्ध उदाहरण बोलकें आहे. मायकेल जॉर्डन हा पंधरा वर्षांचा असतांना त्याच्या शाळेच्या मुख्य संघांत त्यास घेतलें नाहीं; संघास उंचीची गरज होती, म्हणून त्याच्याच वर्गांतील दुसऱ्या एका उंच मुलाची निवड झाली आणि जॉर्डन कनिष्ठ संघांत खेळला. पुढें १९८१ सालीं तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत गेला. तेथील शिक्षक डीन स्मिथ हे नव्या विद्यार्थ्याचें कौतुक चव्हाट्यावर होऊं देत नसत. त्या हंगामाच्या आरंभीं एका क्रीडा-साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांच्यासह संघांतील चौघे झळकले, पांचवा जॉर्डन नव्हता. संघाचा मुख्य भार जेम्स वर्दी व सॅम पर्किन्स यांच्यावर होता. जॉर्डननें त्या वर्षीं सामन्यामागें सरासरी १३.५ गुण केले आणि मिळेल तें काम केलें. २९ मार्च १९८२ रोजीं अंतिम सामन्यांत शेवटचीं कांहीं सेकंदें उरलीं असतां प्रतिपक्षाचे सगळे डोळे वर्दी व पर्किन्स यांच्यावर होते. चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या जॉर्डनकडे आला, त्यानें तो कड्यांत टाकला आणि संघ ६३–६२ असा जिंकला. त्यानंतर वर्दी व्यावसायिक संघांत गेला. दुसऱ्या वर्षीं जॉर्डनची सरासरी २० गुणांवर गेली. मुलगा तोच होता, वर्षभरांत त्याची तयारीही वाढली होती. पण एक मोठी जागा रिकामी झाली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

त्याच्याही आधीं, १९७२ पर्यंत, तेथें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघांत खेळण्याची परवानगीच नव्हती. नव्यांचा वेगळा संघ असे. १९६५ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत नव्यांच्या संघानें आपल्याच मुख्य संघास, जो त्या वेळीं राष्ट्रीय विजेता होता, ७५–६० असें हरविलें. त्या नव्यांत ल्यू अल्सिंडर होता, जो पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगास माहीत झाला. इतकें करूनही नियमाप्रमाणें त्यास वर्षभर थांबावें लागलें. त्यापुढील तीनही वर्षें, १९६७, १९६८ व १९६९ सालीं, त्याच्या संघानें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें.

आतां त्या चार किंवा आठ मिनिटांत नव्या मुलानें करावयाचें काय? येथें आमच्या मुलांचा एक घोटाळा होतो. थोडा वेळ मिळाला म्हणजे त्यांत गुण करून दाखविलेच पाहिजेत असें त्यांस वाटतें, आणि चेंडू हातीं येतांच ते लांबून फेंकतात. शिक्षकानें त्यास त्यासाठीं पाठविलेलें नसतें. बहुधा असें घडलेलें असतें, कीं पहिल्या पांचांतील कोणाच्या तीन-चार चुका झाल्या आहेत. पांचवी झाली कीं तो सामन्यांतून बाद, म्हणून त्यास थोडा वेळ बसवावयाचें आहे. नव्या मुलाचें काम एवढेंच, कीं तो बसलेला असेपर्यंत संघाचें नुकसान होऊं देऊं नये. समोरच्या खेळाडूस मोकळें सोडूं नये. बोर्डावरून परत येणारा चेंडू, ज्यास रिबाउंड म्हणतात, तो धरावा. हातचा चेंडू फुकट घालवूं नये. चोवीस सेकंदांच्या आंत फेंक झालीच पाहिजे हें घड्याळ ध्यानांत ठेवावें. हीं कामें गुणफलकावर दिसत नाहींत, घरीं सांगतांना त्यांचें वर्णनही करतां येत नाहीं. शिक्षक मात्र तींच पाहत असतो, आणि पुढील वर्षाचीं आठ मिनिटें कोणास द्यावयाचीं हें त्यांवरून ठरवितो.

या कामांत आपल्या भागांतील मुलें मुळींच कमी पडूं नयेत. गुडघे वाकवून, कंबर खालीं ठेवून, समोरच्याच्या हालचालीवर नजर रोखणें हें कबड्डीनें त्यांस लहानपणींच शिकविलेलें असतें. एका पायावर वळून दिशा बदलणें खो-खोनें. बदली खेळाडूची संवयही त्यांस आहेच. कबड्डींत बारांपैकीं सात मैदानांत उतरतात व पांच बसतात. आपल्या शेजारच्या केज तालुक्यांत मूळ गांव असलेली प्रियंका इंगळे ही १९ जानेवारी २०२५ रोजीं नवी दिल्ली येथें पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती; त्या अंतिम सामन्यांत नेपाळवर ७८–४० असा विजय मिळाला. मुलींच्या पालकांनीं हा दाखला विशेष लक्षांत घ्यावा. मुलगा बाकावर बसला तर घरीं कुरकुर होते. मुलगी बसली तर पुष्कळदां तिचें जाणेंच थांबतें, आणि दुसरें वर्ष तिच्या वांट्यास येतच नाहीं.

आमच्या पालकांची अडचण निराळीच आहे, आणि ती आम्ही जाणतों. धारूर तालुक्यांतील शेंकडों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्यांत परततात. महाविद्यालयीन खेळांचा हंगाम नेमका त्याच दिवसांत भरांत असतो. प्रथम महाविद्यालयांचे आपसांतील सामने होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. बीड जिल्ह्याचें विद्यापीठ म्हणजे १९५८ सालीं स्थापन झालेलें, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव धारण करणारें मराठवाडा विद्यापीठ. पुढें राज्यांतील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव आणि पश्चिम विभागाचे आंतरविद्यापीठ सामने येतात. घरचीं माणसें कारखान्यावर, धाकटीं भावंडें आजीजवळ, आणि थोरला मुलगा वसतिगृहांत राहून बाकावर बसण्यासाठीं प्रवास करतो! बापाच्या जिवास हें टोचावें यांत नवल नाहीं. एका कोयत्याची मजुरी बुडते तेव्हां ती कोणाच्या खेळानें भरून निघत नाहीं. म्हणून आम्ही कोणासही घरची ओढाताण सोसून खेळास पाठवा असा आग्रह करणार नाहीं. परंतु निर्णय घेण्यापूर्वीं मुलास “तूं किती गुण केलेस?” असें न विचारतां तीन गोष्टी विचाराव्या. यंदा संघांतून कोण जाणार? त्यांपैकीं तुझ्या जागेवरचा कोणी आहे काय? आणि शिक्षकांनीं तुला शेवटच्या सामन्यांत पहिल्या सामन्यापेक्षां अधिक वेळ दिला काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी असेल तर तो मुलगा थोडा कां होईना पुढें सरकत आहे. तिन्हींचीं उत्तरें नकारार्थी असतील तर त्यानें आपल्या शिक्षकांस एकदां स्पष्ट विचारावें. बहुतेक शिक्षक खरें तें सांगतात.

राहतां राहिली सुट्टी. एप्रिल ते जून या काळांत मुलगा गांवीं असतो आणि येथें लाकडी तक्तपोशीचें मैदान नाहीं, म्हणून कांहीं करतां येत नाहीं असें तो म्हणतो. किल्ल्याच्या चढावर सकाळीं धांवण्यास मैदान लागत नाहीं. डाव्या हातानें चेंडू आपटीत चालण्यास अंगण पुरतें. आणि कडें हवेंच असेल तर शाळेच्या मागील भिंतीवर, जमिनीपासून बरोबर ३ मीटर ५ सेंटिमीटर मोजून, ४५ सेंटिमीटर व्यासाचें लोखंडी कडें गांवांतला कोणीही लोहार बसवून देईल. आमच्या मागील भिंतीस अशा कड्याचा भार सहज पेलेल. सुट्टींत संध्याकाळीं फाटक उघडें ठेवण्याची विनंती आम्ही मुख्याध्यापकांस करणार आहों.