‘या आजाराचा मोठा डॉक्टर’ कुठे बसतो?

पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात एखाद्या मुलाच्या केसपेपरवर ‘मार्फन सिंड्रोम?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहून आलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा मोठा डॉक्टर कुठे बसतो? मग शोधाशोध सुरू होते. कोणी परळ सांगतं, कोणी पुणे, कोणी थेट वेल्लोर. एहलर्स-डॅनलॉस, लोइस-डिएट्झ ही नावं आली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ती आधी कुणी ऐकलेलीच नसतात. या सगळ्यामागे एक समजूत आहे. दुर्मिळ आजाराचा म्हणून एक डॉक्टर असतो, तो सापडेपर्यंत बाकी कुणाला काही कळत नाही, आणि तो सापडला की प्रश्न मिटला. सुशिक्षित घरांतही ही समजूत इतकी पक्की असते की पुढच्या आठवड्यात घराजवळ सहज होऊ शकणारा टूडी इको ‘मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर करू’ म्हणून सहा-सहा महिने पुढे ढकलला जातो. या आजारात जीवाला खरा धोका कुठून असतो तर महाधमनीकडून, आणि नेमकं तिचंच माप घ्यायचं राहून जातं.

असा एकच डॉक्टर का नसतो, हे आजाराच्या स्वरूपातच दडलेलं आहे. शरीरातले अवयव जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या, त्यांना ताकद आणि ताण देणाऱ्या ऊतींना शाळेच्या पुस्तकात संयोजी ऊती म्हणतात. त्यातला एखादा घटक जन्मतःच सदोष असला तर परिणाम एका जागी थांबत नाही. मार्फनमध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या एफबीएन-१ या जनुकात दोष असतो. हे जनुक फिब्रिलिन नावाचं प्रथिन बनवतं. ते डोळ्यातलं भिंग धरून ठेवणाऱ्या तंतूंत असतं, महाधमनीच्या भिंतीत असतं आणि हाडांच्या वाढीशीही त्याचा संबंध असतो. म्हणून एकाच माणसाचं भिंग सरकतं, महाधमनी रुंदावते, पाठीचा कणा वाकतो. डोळ्याचा डॉक्टर महाधमनी बघणार नाही आणि हृदयवाला कणा बघणार नाही. या आजारांचा अभ्यास एकत्र बांधणारा माणूस कोण होता तेही पाहण्यासारखं आहे. व्हिक्टर मक्युसिक हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे, मुळात हृदयविकारांचे डॉक्टर. १९५६ साली त्यांनी संयोजी ऊतींच्या आनुवंशिक आजारांवर ग्रंथ लिहिला, तो हृदय, डोळे, हाडं, त्वचा अशा वेगवेगळ्या विभागांतल्या नोंदी एकाच रुग्णाच्या म्हणून शेजारी शेजारी ठेवून. परदेशात आज जी ‘मार्फन क्लिनिक’ आहेत, तिथेही चार-पाच शाखांचे डॉक्टर मिळूनच काम करतात. आपल्याकडे ते एका छताखाली मिळायची शक्यता कमी, एवढाच फरक.

एका चुकीच्या दारात मात्र बरेच जण हमखास शिरतात. संयोजी ऊतींचा आजार म्हटल्यावर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवलं जातं, कारण ल्युपस, स्क्लेरोडर्मा हे आजारही त्याच नावाने ओळखले जातात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते; त्याचा मार्फनशी काही संबंध नाही. त्या आजारांसाठीच्या एएनए तपासण्या करायच्या, त्या निगेटिव्ह आल्या की ‘काही नाही’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा, हा सगळा खटाटोप फुकट जातो. सांधे फार सैल असतील तर संधिवाततज्ज्ञाची मदत जरूर होते, पण त्या तपासण्यांनी आनुवंशिक आजार ठरतही नाही आणि फेटाळलाही जात नाही.

मग आजाराचं नाव कोण ठरवतं? त्यासाठी मेडिकल जेनेटिक्सचा डॉक्टर लागतो. या विषयात आपल्याकडे डीएम ही पदवी आहे, पण असे डॉक्टर अजून अपुरे आहेत, म्हणून प्रवास करावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात जी उत्कृष्टता केंद्रं नेमली, त्यांच्या पहिल्याच यादीत परळचं महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने परळ. (पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम ही वेगळी संस्था आहे, पनवेलकर दोन्ही शहरांच्या मधोमध असल्यामुळे चिठ्ठी एकाची आणि माणूस दुसऱ्याच्या दारात असं होऊ शकतं.) जेनेटिक्सच्या ओपीडीत काय होतं याबद्दलची कल्पनाही बहुतेकांची चुकीची असते. लोकांना वाटतं रक्त घेतील, रिपोर्ट येईल, त्यात आजाराचं नाव असेल. प्रत्यक्षात आधी कागदावर तीन पिढ्या काढल्या जातात: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आणि शेजारी कशाने गेला व कितव्या वर्षी. चाळिशीत ‘अटॅकने’ गेलेला काका इथे महत्त्वाचा ठरतो. मग फूटपट्टी आणि टेप. हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर उंचीशी ताडून पाहतात. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली की त्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर येतं का, दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी धरली तर अंगठा करंगळीचं नख पूर्ण झाकतो का, हे बघतात. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली भिंग तपासलं जातं. २०१० साली सुधारलेल्या घेंट निकषांप्रमाणे, घरात कुणाला आजार नसतानाही महाधमनीचं मूळ रुंदावलेलं आणि भिंग सरकलेलं असेल, तर या दोनांवर मार्फनचं निदान होऊ शकतं. भिंग सरकलेल्या रुग्णात रक्तातलं होमोसिस्टीन तपासणंही ठरलेलं आहे, कारण होमोसिस्टिन्युरिया नावाचा आजार मार्फनसारखाच दिसतो, पण त्याचे उपचार वेगळे असतात आणि काहींना ‘ब-६’ जीवनसत्त्वाचा चांगला गुण येतो.

जनुकीय तपासणी महत्त्वाची आहेच, पण तिला अंतिम निकाल समजू नये. ‘या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही’ अशा अर्थाचा शेरा घेऊन येणारे रिपोर्ट कमी नाहीत. तो शेरा म्हणजे आजार आहे असंही नव्हे आणि नाही असंही नव्हे. एहलर्स-डॅनलॉसचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार आहेत. त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या, सांधे अती सैल असण्याच्या प्रकाराचं जनुक अजून सापडलेलंच नाही. तिथे निदान तपासूनच होतं. हजारो रुपयांचं जनुकांचं पॅनेल आधी परस्पर लॅबला पाठवून, मग रिपोर्ट वाचून देणारा डॉक्टर शोधणं म्हणजे उलटा कारभार.

आता नाव ठरल्यानंतरचं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं परळला खेपा घालायच्या का? नाही. लागतं ते ठरलेल्या अंतराने महाधमनीचं माप, रक्तदाबाचं औषध आणि डोळे-कण्याची तपासणी. इको करणारा हृदयरोगतज्ज्ञ पनवेल परिसरात मिळतो, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. फक्त रिपोर्टमध्ये काय पाहायचं ते माहीत हवं. आठ वर्षांच्या मुलाच्या इकोवर ‘एऑर्टिक रूट ३२ मिमी’ असं छापून येतं, शेजारी कंसात सर्वसाधारण मर्यादा असते, आणि ३२ तिच्या आत बसतात. ती मर्यादा प्रौढांची आहे! आठ वर्षांच्या मुलाच्या उंची-वजनाला ३२ मिमी म्हणजे चांगलीच रुंदावलेली महाधमनी. मुलांमध्ये मिलिमीटरचा आकडा उंची-वजनाशी ताडून ‘झेड स्कोअर’ काढावा लागतो. तो लिहून मागितला आणि दर वेळी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच जागेचं माप घेतलं, तर वाढ पकडता येते. औषधाच्या बाबतीतही गूढ फारसं नाही. बीटा ब्लॉकर की लोसार्टन यावर बराच वाद झाला. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ६०८ मुलं आणि तरुणांच्या चाचणीत अटेनोलॉल (हा बीटा ब्लॉकर) आणि लोसार्टन यांच्यात तीन वर्षांत महाधमनीच्या वाढीच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही औषधं कुठल्याही केमिस्टकडे असतात.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे: दुर्मिळ आजारात अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे, पण कुठे ते नीट कळलं पाहिजे. महाधमनीचं मूळ बदलण्याची शस्त्रक्रिया हे असं ठिकाण. प्रौढ मार्फन रुग्णात व्यास साधारण ५ सेंटिमीटरला पोचला की, आणि घरात कुणाची महाधमनी फाटलेली असल्यास त्याआधीच, ती ठरवून करतात. झडप वाचवून करायची की झडपेसकट, हे शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून असतं. तिथे ‘अशा किती केल्या?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा आणि त्यासाठी लांब जावं. एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात तर ऊती इतक्या नाजूक असतात की साधी वाटणारी शस्त्रक्रियाही विचार करून करावी लागते. नाव ठरवताना अनुभव हवा, शस्त्रक्रियेला हवा. वर्षाकाठच्या इकोला तो लागत नाही. वेळेवर निदान, देखरेख आणि शस्त्रक्रिया यांनी काय होतं याचा आकडाही आहे: अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजीत १९९५ साली आलेल्या पाहणीत मार्फन रुग्णांचं मध्यक आयुर्मान १९७२ च्या ४८ वर्षांवरून ७२ वर्षांवर गेलेलं दिसलं. सौम्य रुग्णही आता ओळखले जातात, हे त्यातलं एक कारण आहे हे खरं. पण सगळी वाढ त्याने झालेली नाही.

दुसरा आक्षेप: आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, मला यातलं काही कळत नाही. हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यावर डॉक्टर बदलायची गरज नाही. त्यांना जे कळायला हवं ते एका कागदावर मावतं. आजाराचं नाव, महाधमनीचं शेवटचं माप आणि तारीख, चालू औषधं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स दुसरा पर्याय असताना देऊ नयेत, कारण डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने महाधमनी फाटण्याच्या धोक्याबद्दल इशारा दिला, त्यात मार्फन आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे तर जुलाब आणि लघवीच्या जळजळीवर ही औषधं सर्रास दिली जातात. आणि शेवटची ओळ ठळक: छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली तर गॅस समजू नये आणि हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही देऊ नये, आधी सीटी अँजिओग्राफी. रात्री दोन वाजता कळ आली तर त्या घटकेला उपयोगी पडणार तो जवळच्या रुग्णालयातला ड्यूटीवरचा डॉक्टर आणि त्याच्या हातात पडलेला हा कागद. हा कागद त्याच कामासाठी लिहून घ्यायचा, आणि तो जेनेटिक्सच्या ओपीडीतून निघतानाच मागायचा.

‘दुर्मिळ’ या विशेषणानेही उगाच घाबरवलं आहे. मार्फनचं प्रमाण साधारण पाच हजारांत एक मानतात. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांवर होती. त्या हिशेबाने एकट्या जिल्ह्यात पाचशेच्या वर माणसं असायला हवीत. पनवेलच्या हृदयरोगतज्ज्ञाने असा रुग्ण पाहिलाच नसेल असं गृहीत धरायचं कारण नाही.

पैशाची समजूतही एकदा नीट करून घ्यावी. ‘दुर्मिळ आजाराला सरकार ५० लाख देतं’ हे अर्धसत्य आहे. २०२२ मध्ये मदतीची कमाल मर्यादा ५० लाख झाली खरी, पण ती यादीतल्या आजारांच्या उपचारासाठी असते आणि पैसा रुग्णाच्या खात्यात येत नाही, उत्कृष्टता केंद्राकडे जातो. ठिसूळ हाडांचा आनुवंशिक आजार त्या यादीत आहे. मार्फनवाल्यांचा खर्च मुख्यतः इको आणि गोळ्यांचा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत संपतील. घरात कुणाला नाही म्हणून आनुवंशिक नाही, हे चूक. मार्फनच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो. नात्यात लग्न केलं नव्हतं, हा मुद्दा मार्फनला लागूच नाही, तिथे एका पालकाकडून आलेला दोष पुरतो. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नाचा प्रश्न होमोसिस्टिन्युरियासारख्या आजारांत येतो. उंच आणि सडपातळ असणं म्हणजे मार्फन नव्हे. सांधे वाटेल तसे वळतात म्हणून मुलीला आणखी ताणायला लावू नये. कोलॅजनची पावडर पोटात पचते आणि जनुकाचा दोष तसाच राहतो. निदान मुलाचं झालं म्हणून भावंडं आणि आईवडील सुटले असं नाही, त्यांचाही एकेक इको करावा लागतो. आणि मार्फन असलेल्या मुलीने मूल होऊच देऊ नये, हेही सरसकट खरं नाही; निर्णय महाधमनीच्या मापावर ठरतो, म्हणून इको दिवस राहण्याआधी हवा, आणि ती लोसार्टनवर असेल तर गोळीही आधीच बदलून घ्यावी लागते, कारण गरोदरपणात लोसार्टन बाळाला घातक आहे.