प्रश्नपत्रिका कोणी काढायची?

प्रसारणाच्या सुधारणेचा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. मात्र दर वेळी तो पहिल्यापासून सोडविण्यास घेतला जातो. १९६४ साली नेमलेल्या श्री. चंदा यांच्या समितीने १९६६ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणी यांसाठी स्वतंत्र महामंडळे सुचविली. १९७८ साली श्री. बी. जी. वर्गीज यांच्या कार्यगटाने ‘आकाश भारती’ची योजना मांडली. अखेर १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा संमत झाला, आणि पुढील सात वर्षे तो कागदावरच राहिला. १९९७ च्या सप्टेंबरात त्याचा अंमल सुरू झाला.

चंदा व वर्गीज यांना सरकारने नेमले होते. संसदेची समिती जेव्हा हाच विषय हाती घेते, तेव्हा तिचे स्थान निराळे असते. मंत्रालयाच्या सचिवास समोर बसवून त्याची साक्ष घेण्याचा अधिकार तिला असतो. म्हणूनच ती आपल्या अभ्यासाची आखणी कशी करते, इकडे सुशिक्षित नागरिकाने लक्ष पुरविले पाहिजे असे आम्हांस वाटते. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. प्रश्नपत्रिका काढली की निम्मा निकाल लागलेला असतो, हा आमचा तेथील अनुभव.

संसदेच्या विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून काम करीत आहेत. प्रत्येकीत एकतीस सदस्य : लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा. मुदत एक वर्षाची. आरंभी विषय निवडावयाचे, मंत्रालयाकडून टिपण मागवावयाचे, प्रश्नावली पाठवावयाची, निवेदने घ्यावयाची, साक्षी ऐकावयाच्या, क्वचित दौरा काढावयाचा, मग अहवाल. शिवाय अर्थसंकल्पाच्या दिवसांत अनुदानांच्या मागण्यांची छाननी आलीच. हा सर्व व्याप वर्षात आटोपावयाचा, आणि तोवर सदस्य बदललेले ! अशा समितीने प्रसारणाचे दहा-बारा मुद्दे एकदम पुढे घेतले, तर तिच्या हाती मंत्रालयाचे टिपणच नव्या शब्दांत उरते. कारण पहिले टिपण मंत्रालयाचे, आणि ज्याचे टिपण पहिले त्याची चौकट पक्की.

कालाचा हिशेब चुकला तर काय होते, याचे उदाहरण १९९७ चे आहे. स्वतंत्र प्रसारण प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक त्या वर्षीच्या मे महिन्यात संसदेत आले व श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकाबरोबर समितीचे कामही संपुष्टात आले. दोष समितीचा नव्हे, हे खरे; परंतु पुढील समितीने आपल्या आयुष्याची मर्यादा ओळखून थोडेच प्रश्न घ्यावेत, एवढा बोध त्यातून निघतो.

ते थोडे प्रश्न कोणते ? आमच्या मते पहिला प्रश्न नव्या कायद्याचा नाहीच. तो जुन्या कायद्याचा आहे. १९९० च्या कायद्याच्या तेराव्या कलमात प्रसार भारतीवर देखरेख ठेवण्यासाठी बावीस सदस्यांची संसदीय समिती सांगितली आहे. चौदाव्या कलमात श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद सांगितली आहे. या दोन्ही संस्था कायद्याच्या पुस्तकातच राहिल्या. याउलट सरकारला महामंडळास निदेश देण्याची मुभा देणारे तेविसावे कलम आहे. कायद्याचा जो भाग सरकारला सोयीचा तो जिवंत, आणि जो श्रोत्याच्या उपयोगाचा तो निद्रिस्त, असे का झाले, हे विचारण्याचा अधिकार संसदेखेरीज कोणास आहे ?

दुसरा प्रश्न न्यायालयाने घालून दिलेला आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक संस्थेने करावे. त्यानंतरही खाजगी नभोवाणी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मुभा मिळालेली नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकविण्याची तेवढी सवलत दिली. दूरचित्रवाणीवर खाजगी वृत्तवाहिन्यांचा सुकाळ, आणि नभोवाणीवर बातमीचा मक्ता एकाचाच : या विसंगतीचे समर्थन मंत्रालयाकडून लेखी मागवावे. त्याविना ते मिळणार नाही.

आता साक्षीदारांविषयी. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने प्रसारणसेवांच्या नियमनाच्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. पुढील वर्षी सुधारलेली प्रत निवडक मंडळींस दाखविण्यात आली, तिच्यावर ओरड झाली आणि विचारविनिमयाची मुदत वाढवावी लागली. निवडकांशी बोलण्याची ही रीत संसदेच्या समितीने उचलू नये. वाहिन्यांचे मालक व त्यांचे वकील दिल्लीत आहेतच. त्यांस बोलावणे धाडण्याचीही गरज पडत नाही. पुणे केंद्राच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या नेमाने ऐकणारा शेतकरी, सांगली वा रत्नागिरी केंद्रांवर हंगामी काम करणारा निवेदक, यांस मात्र समितीची जाहिरात केव्हा निघते हेच कळत नाही. ती मराठी वृत्तपत्रांत निघावी, निवेदने मराठीतून स्वीकारावीत, मुदत पंधरा दिवसांची न ठेवता दोन महिन्यांची ठेवावी. समितीचा दौरा निघाला तर त्यात एक दिवस श्रोत्यांसाठी राखून ठेवावा; केंद्रसंचालकाच्या चहापानात तो खर्ची पडू नये !

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, आणि साक्षीदाराने मोकळेपणाने बोलावे यासाठी ते योग्यही असेल. पण अभ्यासाचे मुद्दे व वेळापत्रक गुप्त ठेवण्याचे कारण नाही. ते आरंभीच प्रसिद्ध व्हावेत. त्यांत तेरावे व चौदावे कलम पहिल्या क्रमांकावर असावे आणि सचिवांस त्यावर उत्तर देण्यासाठी दुसऱ्याच बैठकीस पाचारण करावे.