वाई : दोन दिवसांसाठी

नदी : कृष्णा. उगम महाबळेश्वरला, धोम धरणातून पुढे वाईत.

वाट : पुण्याहून सुमारे ९० किमी. सातारा महामार्गावर सुरूरला वळा. गावात रेल्वे नाही, एसटी आहे.

घाट : मुक्कामातला बराच वेळ इथेच द्यावा. ओळीने सात घाट. गणपती घाटावर ढोल्या गणपती. मंदिर रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेले. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून.

मेणवली : ३ किमीवर. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि पोर्तुगीज घंटा.

विश्वकोश : मराठी विश्वकोशाचे काम वाईतूनच सुरू झाले, पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.

कधी : थंडीत, कृष्णाबाईच्या उत्सवात. प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, पाळीपाळीने. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडले की पायऱ्या बुडतात. चौकशी करूनच निघा.