कपाशीच्या नव्या वाणाचा जन्म

श्रावणातल्या पावसाने पऱ्हाटी तरारलेली असते. शेतकरी समाधानाने शेताकडे पाहतो. परंतु थोड्याच दिवसांत मधूनमधून झाडांची पाने पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात आणि उभे झाड वाळून जाते. त्याचे खोड चिरून पाहिले, तर आत काळपट रेघ दिसते. हाच 'मर' रोग होय. त्याची बुरशी जमिनीत राहते, मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या कोंडून टाकते. ती वर्षानुवर्षे जमिनीत टिकून राहते. म्हणून नुसत्या औषधाने शेत वाचत नाही. देशी कपाशीला या रोगाने एके काळी फार पिडले.

मग उपाय कोणता? तो त्याच शेतात उभा होता! शेजारची झाडे मेली, तरी एखादे झाड हिरवेगार राही. संशोधकांनी अशा झाडांची सरकी वेगळी राखली व मुद्दाम रोगट जमिनीत पेरली. जी झाडे तगली, त्यांचीच सरकी पुन्हा तशाच जमिनीत पेरली. या पद्धतीस 'निवड' म्हणतात.

परंतु काटक झाडाचा कापूस उत्तम असतोच असे नाही. कधी धागा आखूड निघतो, कधी बोंडे थोडी लागतात. तेव्हा त्याचा चांगल्या कापसाच्या झाडाशी संकर करतात. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर सायंकाळी हलक्या हाताने काढून ती झाकून ठेवतात. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग तिच्या स्त्रीकेसरावर लावतात. पहिल्या पिढीची झाडे एकसारखी निपजतात; दुसऱ्या पिढीत मात्र आजी-आजोबांचे गुण नाना प्रकारे वाटले जातात. त्या गर्दीतून दोन्ही गुण एकवटलेली मोजकी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडावी, तेव्हा कोठे वाण स्थिर होतो. जळगावच्या संशोधकांनी अशाच कष्टाने 'जरिला' व पुढे 'विरनार' हे वाण खानदेशाला दिले.

अमेरिकन कपाशीला येथील मर रोग सहसा बाधत नाही. पण तुडतुडे तिचा रस शोषतात. पानांवर दाट लव असलेल्या झाडांवर त्यांचे फारसे चालत नाही, म्हणून तशी झाडे निवडण्यात आली. १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे 'संकर-४' हा भरघोस पिकणारा संकरित कापूस तयार केला. मात्र संकरित सरकी घरी राखून पेरली, तर पुढील पीक एकसारखे येत नाही. त्यामुळे दर वर्षी नवे बियाणे विकत घेणे भाग पडते.

पुढे २००२ साली भारतात 'बीटी' कपाशीस परवानगी मिळाली. जमिनीतील एका जीवाणूचा गुण तिच्यात घातल्यामुळे बोंडअळीला ती विषासमान ठरली. तरीही २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरलीच. असे का झाले? ज्या नियमाने रोगट शेतात एखादे झाड तगले, त्याच नियमाने विषातूनही काही अळ्या तगल्या आणि त्यांचीच संतती वाढली. निवड केवळ माणूसच करतो असे नाही. निसर्गही ती करीतच असतो.

म्हणून वाणाचे काम कधीच संपत नाही. नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जुन्या वाणांची सरकीही जतन केली जाते. आज निरुपयोगी वाटणाऱ्या एखाद्या जुन्या सरकीतच उद्याच्या रोगावरचा उपाय दडलेला असेल!