संगणकातली रुग्ण

काही वर्षांपूर्वी सासूबाईंना दवाखान्यात भरती केलं होतं. शिकाऊ नर्सने सलाईनसाठी चार वेळा सुई टोचली. पोरीच्याच डोळ्यांत पाणी! सासूबाई म्हणाल्या, "टोच बाई, तू शिकणार तरी कोणावर?"

प्रश्न खराच आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी १९११ साली मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली करून दिली. तिचं नाव पडलं 'मिसेस चेस'. तिच्यावर कितीतरी नर्सेसचा हात बसला. आता संगणकातली रुग्ण आली आहे. ती तक्रार सांगते, विद्यार्थिनीने प्रश्न विचारायचे, उपाय निवडायचा. चुकलं तर तिची प्रकृती बिघडते, पण जीव कोणाचाच जात नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू! इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या बीएस्सी अभ्यासक्रमातही अशा सरावाचे तास आहेत.

पण मैत्रिणींनो, मला वाटतं ही रुग्ण आपल्या फुलचूर-गोंदियाकडची हवी. आपल्या भागात सिकलसेल आहे. सांधे असह्य ठणकतात, वरून काहीच दिसत नाही, आणि लोक म्हणतात, नाटक करते. शिवाय आपली बाई नवऱ्यासमोर अंगावरून जातं हे सांगेल? "काही नाही, बरं आहे," एवढंच म्हणेल. अशा वेळी नवऱ्याला जरा बाहेर बसवून पुन्हा विचारायचं असतं. पुस्तकी मराठीत घडाघडा लक्षणं सांगणारी रुग्ण हे कसं शिकवणार?

आणि सुईला शेवटी खरा हात लागतोच. सासूबाईंचा आठवडाभर निळा होता.